दोरी मुलांच्या हाती द्या

सातारा-सांगलीकडच्या शाळकरी मुलाला विचारा, पाणी कोठून येते? ‘नळातून’ किंवा ‘टँकरमधून’ असे उत्तर मिळेल. पुस्तकात जलचक्राचे चित्र असते, परीक्षेत ते काढले की गुण मिळतात. पण आपल्या पायाखाली पाणी किती खोल आहे, हे त्याला ठाऊक नसते. भगिनींनो, बंधूंनो, हे मुलांना स्वतःच्या हातांनी मोजू द्या, एवढेच आज सांगायचे आहे.

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माण-खटाव, जत-आटपाडीकडे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास. जमिनीखाली काळा कातळ. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणून साठा थोडा.

हे मुलांना असे दाखवा. तीन डब्यांच्या बुडाला सारखी भोके पाडा. एकात मुरूम, दुसऱ्यात काळी माती, तिसऱ्यात मातीवर पालापाचोळा घाला. प्रत्येकात एकेक पेला पाणी ओता. कोठे लवकर झिरपते, कोठे वर तुंबते, मुले स्वतः सांगतील. मग पावसाचे गणित. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ३० चौरस मीटरच्या वर्गाच्या छपरावर ५०० मिलिमीटर पावसात १५,००० लिटर पाणी पडते. हा आकडा फळ्यावर आला की मुले छपराकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

खरा धडा विहिरीवर. दोरीला दर मीटरला गाठ मारा. टोकाला बूच लावलेली, थोडी वाळू घातलेली बाटली बांधा. बाटली पाण्यावर टेकली की दोरी सैल पडते. काठापासून तेथपर्यंतच्या गाठी मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना नेऊ नका, मोठे माणूस बरोबर हवेच. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. शाळेनेही तेच महिने धरावेत. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत हे दोन्ही जिल्हे आले आणि गावाने पाण्याचा ताळेबंद मांडावा, असे त्यात ठरले. मुलांची वही त्या ताळेबंदाला उपयोगी पडेल.

आपल्या समाजाला हे का हवे? बाबासाहेब साताऱ्यात शिकत असताना त्यांना शाळेच्या नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. १९०१ साली ते भावासह वडिलांकडे खटाव तालुक्यातील गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनाहून बैलगाडीचा प्रवास. जवळ जेवण होते, पण कोणी पाणी दिले नाही म्हणून मुले उपाशी झोपली. वडील तेव्हा दुष्काळी कामावर खजिनदार होते, आणि ते काम तलाव खोदण्याचे होते.

आज पाणवठ्यावरची बंदी कायद्याने गेली आहे. पण ज्याची जमीन, त्याची विंधनविहीर. आणि ज्याची मोटार मोठी, त्याच्याकडे पाणी. जमिनीखालचे पाणी मात्र बांध ओळखत नाही. एकाने जास्त उपसले की वस्तीचा आड आटतो. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळेवरच्या बळीराजा धरणाच्या लढ्याने भूमिहीनालाही पाण्यात वाटा मागितला. वाटा मागायचा तर पाणी किती आहे, हे आधी माहीत हवे.

म्हणून मोजणी गावच्या एकाच विहिरीवर थांबू नये. गावठाण, मळा आणि आपली वस्ती, तिन्हीकडची पातळी एकाच तक्त्यावर लिहावी. दोरी धरणाऱ्यांत मुली हव्यातच, कारण घरचे पाणी बहुधा त्याच भरतात. तक्ता शाळेच्या भिंतीवर लावा आणि मे महिन्यातले आकडे ग्रामसभेत मुलांकडूनच वाचून घ्या. सरपंचांना मग त्यावर उत्तर द्यावे लागेल.

येत्या ऑक्टोबरात गुरुजींना भेटा. दोरी आणि वही आपण घरून द्या.