कुलामामाच्या गावची शाळा

२९ जुलैला व्याघ्रदिन आला की शहरातील शाळांतून वाघाची चित्रे रंगविली जातात, प्रभातफेऱ्या निघतात. त्यात वावगे काही नाही. परंतु वाघ जिथे राहतो, तिथल्या शाळेची विचारपूस त्या दिवशी कोण करतो?

१९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतील कोरकू समाज पिढ्यानपिढ्या या सागवनात नांदतो आहे. वाघाला तो ‘कुला’ म्हणतो, आदराने ‘कुलामामा’. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिची सोयरीक नाही. सहा वर्षांचे मूल शाळेत येते, तेव्हा परकी भाषाच त्याच्यापुढे उभी ठाकते. गुरुजी ‘वाघ’ शिकवितात, मूल गप्प बसते. मोह कधी फुलतो, डिंक कोणत्या झाडाला येतो, हे त्याला ठाऊक असते. वर्गात मात्र ते ‘कच्चे’ ठरते. त्यातच दिवाळीनंतर अनेक आईबाप मजुरीसाठी डोंगर उतरतात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. होळीला कुटुंब परतेपर्यंत पाटी पुन्हा कोरी झालेली असते.

अशा घराला वनरक्षणाचा उपदेश करणे सोपे आहे. पण सरपण आणि चराईवर बंधने घालून ज्याचा चरितार्थ आवळला, त्याच्या मनात कुलामामाविषयीचा जिव्हाळा किती काळ टिकावा?

मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर या गावाला वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली सामूहिक हक्क मिळाला. गावाने उजाड टेकडीवर झाडे वाढविली, चराईला स्वतःच आवर घातला, सीताफळे विकली. हक्क आधी आला, राखण मागून आली. हा क्रम वनखात्याने ध्यानी घ्यावा.

राज्य शासनाने २०१५ साली आरंभिलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांसाठी गॅसची सोय झाली, हे चांगलेच. पण सिलिंडर संपतो. शिकलेला मुलगा गावात उरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला आहे. मेळघाटात त्याचा अर्थ एवढाच, की पहिली-दुसरीच्या वर्गात कोरकू बोलणारा शिक्षक हवा.

वनवासी भागासाठी जुने कपडे गोळा करणाऱ्या शहरी कुटुंबांनी (हेतू चांगला असला तरी) तो पैसा आणि श्रम दुसरीकडे वळवावेत. दिवाळी ते होळी मुलांना गावातच ठेवणारे एखादे हंगामी वसतिगृह, किंवा बारावी झालेल्या एका कोरकू तरुणीचे अध्यापन पदविकेचे शुल्क, एवढा भार चार-पाच घरे मिळून सहज उचलू शकतील.