स्त्रीधनाची चावी

व्यापारी घरात पैशाचा व्यवहार एका हाती असणे ही जुनी आणि बहुधा सोयीची रीत आहे. पती पेढी पाहतो, पत्नी घर पाहते, खर्चाला पैसे लागले की ते मिळतात. अशा संसारात हिंसा शोधणे अन्यायाचे ठरेल. परंतु याच रीतीच्या आडोशाने, अंगावर एकही वळ न उठवता पत्नीला जेरीस आणता येते, आणि शेजारच्या खोलीतील सासूबाईंनाही त्याचा पत्ता लागत नाही.

हिशेब कोण ठेवतो यापेक्षा हिशेब विचारल्यावर काय घडते, हे पाहावे. ‘माझे दागिने कुठे आहेत?’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळते, की चार दिवसांचा अबोला? माहेरी जाण्याच्या भाड्यासाठी विनवणी करावी लागते का? खाते पत्नीच्या नावाचे, पण त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक पतीचा आणि पासबुक त्याच्याच कपाटात, असे आहे का? प्रश्न ओठांवर येण्याआधीच तिचा आवाज खाली जात असेल, तर ती घराची शिस्त नव्हे, भीती आहे.

कायद्याने हे केव्हाच ओळखले आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक छळाबरोबर आर्थिक छळाचीही स्वतंत्र व्याख्या आहे. खर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे किंवा गहाण टाकणे, हे सारे तीत येते. स्त्रीधन ही पत्नीचीच मालमत्ता असून सांभाळायला दिलेले दागिने पतीने बळकावल्यास तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच सांगितले. दिवाळीला दुकानातील मालाची मोजदाद करणाऱ्या किती घरांत सुनेचे दागिने कुठे आहेत, हे विचारले जाते?

व्यापारी कुटुंबात आणखी एक धोका असतो, तो सहीचा. सून कागदोपत्री पेढीची भागीदार होते, कर्जाला जामीन राहते. ‘इथे सही कर’ यापलीकडे तिला काही सांगितले जात नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो, आणि जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः मूळ ऋणकोइतकीच असते. संबंध विस्कटले तरी ही देणी तिच्या मागे उभी राहतात. कागद वाचायला मागितला म्हणून ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे दरडावणारा पती विश्वासाची भाषा बोलत असला, तरी मागतो आहे ती मुकाट आज्ञाधारकता.

निकोप संसारात कागद वाचण्याचा राग येत नाही. महिन्यातून एकदा दोघांनी अर्धा तास बसून येणे-देणे पाहावे. पत्नीचे खाते तिच्याच मोबाइलला जोडलेले असावे. थोडी रक्कम अशी असावी की जिचा जाब कोणी विचारणार नाही. यात पतीचाही लाभ आहे. त्याच्या आजारपणात पेढीची उधारी कुणाकडे किती, हे घरात कोणाला तरी ठाऊक असते.

माहेरच्यांनी मात्र ‘थोडे सहन कर, घरची गोष्ट घरातच राहू दे’ हे वाक्य आता आवरते घ्यावे. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज पीडित स्त्रीच करू शकते असे नाही. तिच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संरक्षण अधिकारीही तो करू शकतात. पतीला लॉकर वा बँक खाते परस्पर चालवण्यास मनाई करण्याचा, तसेच तिला राहत्या घरातून बाहेर काढू नये असा आदेश न्यायालय देऊ शकते. महिला साहाय्यासाठी १८१ हा क्रमांक आहे. आणि लग्नात दिलेल्या दागिन्यांच्या पावत्या, वजनांची यादी व छायाचित्रे यांची एक प्रत आईने माहेरच्या कपाटात जपून ठेवावी.