तलवार म्यान करा

'ग्राफिक्स काय भारी आहेत राव!' हे गेमचं कौतुक मला कधीच पटलेलं नाही. अरे, खेळायला कसा आहे ते सांग की!

'प्रिन्स ऑफ पर्शिया' (१९८९) घ्या. जॉर्डन मेकनर या पठ्ठ्याने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. अ‍ॅपल टूच्या मेमरीत दुसऱ्या पात्राला जागाच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचंच चित्र एक बिट सरकवून स्वतःवर एक्स-ऑर करत त्याने सावली बनवली. (आपण साध्या लॉगिन पेजला किती एमबी खातो, ते सोडा.) आरशातून बाहेर पडलेली ही सावली शेवटी तलवार घेऊन समोर येते. तिला मारलं की वार आपल्यालाच लागतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची. मेमरीच्या टंचाईतून एवढी मोठी गोष्ट निघाली!

'मॅक्स पेन'मधला (२००१) बुलेट टाइम झकास, पण दहाव्या मारामारीला तेच ते. 'एज ऑफ एम्पायर्स टू' हे निव्वळ व्यसन, त्यावर मत वगैरे नाही.

'पेपर्स, प्लीज' (२०१३) मात्र छळतो. ठोकळेबाज चित्रं, आपण सीमेवर पासपोर्ट तपासणारे कारकून, पगार माणसागणिक. एका नवऱ्याचे कागद चोख, मागून आलेल्या बायकोकडे परवानाच नाही. त्या दिवसाची दोन ताकीदपत्रं मी आधीच खाल्लेली. तरी तिला सोडलं. दंड बसला, आणि रात्री घर तापवायला पैसे उरले नाहीत.