हरवलेले ६७ किलो

सायंकाळची वंदना आटोपून मुले संगणक कक्षात येतात, तेव्हा शिक्षक एक आणि तपासावयाचे प्रोग्रॅम चाळीस अशी स्थिती असते. म्हणून तपासणी यंत्राकडे सोपविण्यास माझा विरोध नाही. ही कल्पना नवीही नाही. अमेरिकेतील रेन्सेलर संस्थेच्या जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे छिद्रांकित कार्डांवरील प्रोग्रॅम यंत्राकडून तपासून घेण्याची पद्धत १९६० मध्येच प्रसिद्ध केली होती. आज अमरावती-अकोल्याचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी एनपीटीईएलचे अभ्यासक्रम करतात. तेथेही प्रोग्रॅम ठरावीक चाचण्यांवर चालवून गुण दिले जातात.

माझे म्हणणे गुणांविषयी नाही, गुणांसोबत येणाऱ्या वाक्याविषयी आहे.

समजा, कापसाच्या तीन गाड्यांचे सरासरी वजन काढायचे आहे. विद्यार्थ्याने पायथॉनमध्ये भागाकारासाठी एका तिरक्या रेघेऐवजी दोन दिल्या. १२, १५ आणि १८ क्विंटल घातले की उत्तर १५ येते, अगदी बरोबर. १२, १५ आणि १७ घातले की १४ येते. यायला हवे १४.६७. यंत्र म्हणते, ‘राँग आन्सर’. मुलगा सगळा प्रोग्रॅम पुसून नव्याने लिहू लागतो, कारण चूक एका रेघेची आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. (उत्तराच्या शेवटी एक मोकळी जागा जास्त पडली, एवढ्यावरही काही यंत्रे गुण कापतात, ते वेगळेच.)

त्या जागी असे वाक्य उमटले तर? ‘गाड्या १२, १५ आणि १७ क्विंटलच्या असताना तुझे उत्तर १४ आले. गाडीमागे ६७ किलो कुठे गेले?’ बाजार समितीत वडिलांसोबत काट्यापाशी उभा राहिलेला आपला मुलगा या प्रश्नावर थबकतो आणि भागाकाराकडे वळतो. उत्तर त्याला सांगितलेले नाही. कुठे पाहायचे, तेवढेच दाखविले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता आता अशी वाक्ये क्षणात तयार करून देते. परंतु ती कधी नसलेली चूकही ठामपणे दाखविते, आणि घरातून प्रथमच शिकावयास आलेला मुलगा यंत्रापेक्षा स्वतःवरच आधी संशय घेतो. म्हणून ही वाक्ये शिक्षकानेच, मराठीत, मुलांच्या जुन्या चुका समोर ठेवून लिहावीत असे मला वाटते. पहिल्या दहा उदाहरणांसाठी एक उन्हाळी सुटी पुरेल. ती मी देईन. मुलांनी मात्र आपल्या चुकांच्या वह्या वर्षअखेर रद्दीत घालू नयेत, माझ्याकडे आणून द्याव्यात.