नेम धरायला वेळ लागतो



अत्याचाराची घटना घडली की निषेधसभेत कुणी तरी उठून हमखास म्हणते, "आता मुलींच्या हातात पिस्तूलच द्या!" टाळ्या पडतात. त्यामागचा संताप आपल्याला परका नाही. पण २०१४ साली हा संताप चक्क विक्रीला काढला गेला. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेची आठवण देत कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने 'निर्भीक' नावाचे, अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी म्हणून बाजारात आणले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. ते कोणाला परवडणार हे सोडून देऊ. ते रोखायचे कोणावर? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की बलात्काराच्या नोंदलेल्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. आणि घरात पिस्तूल आले की ते बाईच्याच ताब्यात राहील, असे कोणी गृहीत धरले?

म्हणून संरक्षणाचे साधन म्हणून पिस्तुलाला आमचा विरोध आहे. पण मुलींनी शूटिंग रेंजवर जाऊन पिस्तूल चालवायला शिकावे, असे मात्र आम्हाला आवर्जून वाटते. यात विसंगती वाटत असेल तर रेंजवर नेमके काय शिकवतात ते पाहू.

दहा मीटरच्या एअर पिस्तुलात दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे असते. पिस्तूल एकाच हाताने, कोठेही न टेकवता धरायचे. पुढची माशी मागच्या खाचेत नीट मध्यावर बसवायची आणि नजर ठेवायची ती माशीवर. लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालते. नवशिकीला हेच पटत नाही, ती लक्ष्याकडेच बघत राहते. माशी खाचेत एका मिलिमीटरने सरकली तर दहा मीटरवर छर्रा तीनेक सेंटिमीटर बाजूला जातो. हात थोडा हलणारच, तो दगडासारखा स्थिर कोणाचाच राहत नाही. त्या हलण्यातच चाप हळूहळू, सरळ मागे दाबत न्यायचा. "आता मारते" म्हणून झटका दिला की नेम गेला. श्वास अर्धा सोडून थांबायचे. आठ-दहा सेकंदांत बार झाला नाही तर पिस्तूल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करायची. नेमबाज यातले बरेचसे काम रिकाम्या पिस्तुलावर, भिंतीसमोर उभे राहून, रोज करतात. छर्रा लागत नाही, खर्च नाही. लागतो तो वेळ, सलग आणि कोणी हाक न मारणारा.

गाठ इथेच आहे. मुलीच्या नजरेत किंवा मनगटात काही कमी नसते. तिला अर्धा तास एका जागी उभे राहू दिले जात नाही, इतकेच. उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर साठी ओलांडल्यावर, नातीला रेंजवर पोचवायला म्हणून गेल्या आणि स्वतःच पिस्तूल शिकल्या. सराव कधी? रात्री, घरातले झोपल्यावर, हातात पाण्याने भरलेला जग धरून. पुढे त्यांचे कौतुक झाले, २०१९ साली सिनेमाही आला. पण सरावासाठी बाईने रात्रीची वाट का पाहावी, हे फारसे कोणी विचारले नाही.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. त्या दुसऱ्या सुवर्णाच्या वेळी तिच्या प्रशिक्षक होत्या मुंखबायार दोर्जसुरेन. त्यांची स्वतःची दोन ऑलिंपिक कांस्यपदके १९९२ आणि २००८ ची, म्हणजे मध्ये सोळा वर्षे. बाईला सोळा वर्षे एकाच कामाला लावून घेता आली तर काय होते, हे यात दिसते. त्याच खेळात २०१७ पर्यंत एअर पिस्तुलात पुरुषांना ६० आणि बायकांना ४० च बार असत. बायकांना तेवढे झेपणार नाही, हे ठरवले कोणी? २०१८ पासून दोघांना ६० आहेत, पंचाहत्तर मिनिटांत, आणि बायका ते व्यवस्थित मारतात.

समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायकांना आम्ही विचारतो, दिवसातला कोणता वेळ तुमचा स्वतःचा? बहुतेकींना आधी प्रश्नच कळत नाही. म्हणून पिस्तूल वाटण्याच्या घोषणेऐवजी आपली मागणी रेंजवरच्या तासांची असायला हवी. ज्या जिल्ह्यांत रेंज आहे तिथल्या गटांनी पुढच्या तीन महिन्यांत तिथे जाऊन यावे. मुलींना कोणत्या वेळा दिल्या जातात, संध्याकाळी परतायला एसटी आहे का, सामाईक पिस्तुले किती, शिकवणारी एखादी बाई आहे का, स्वच्छतागृहाला कडी आहे का, हे लिहून पाठवावे. दहावीनंतर किती मुली येईनाशा झाल्या, तेही विचारा. उत्तरे आली की क्रीडा अधिकाऱ्यांकडे मिळून जाऊ.