बागेची राखण आणि छऱ्याची बंदूक

कार्तिकीहून परतल्यावर आमच्या दिंडीतले एक माळकरी घरी आले. साठी उलटलेले गृहस्थ. वारी कधी चुकली नाही, एकादशी कधी मोडली नाही. चहा झाला, घरादाराची चौकशी झाली आणि निघताना उंबऱ्याशी थांबून त्यांनी विचारले, "बुवा, खार मारली तर माळ उतरवावी लागते का?"

मी म्हणालो, "मारली का?"

"मारतोय की. पोरानं छऱ्याची बंदूक आणून दिलीय. चिकू, पेरू, काही म्हणजे काही ठेवत नाहीत हो खारी. आपण खात तर नाही ना. नुसत्या मारतोय."

त्या दिवशी मी त्यांना उत्तर दिले नाही. आधी बाग दाखवा म्हणालो आणि दोन दिवसांनी गेलो. चिकूची सहा झाडे, पेरूची दहा-बारा, कडेला पपई, पलीकडे थोडा भुईमूग. झाडांखाली अर्धवट कुरतडलेली फळे पडलेली होती. भुईमुगाच्या ओळीत बी उकरून नेल्याचे खड्डे दिसत होते. नुकसान खोटे नव्हते. आम्ही बघत असतानाच त्यांच्या दहा वर्षांच्या नातवाने बंदूक उचलली, नेम धरला आणि छरा सोडला. खार खाली पडली, पण मेली नाही. मागचे पाय ओढत ती विहिरीच्या दगडांच्या फटीत शिरली. पोरगा हसला आणि आजोबा म्हणाले, "शाब्बास!"

सज्जनहो, हा लेख त्या "शाब्बास"साठी लिहीत आहे.

आधी पूर्वपक्ष मांडतो, कारण तो मांडल्यावाचून खंडन करणे हा अन्याय आहे. त्यांचे म्हणणे तीन प्रकारचे आहे. पहिले, शेतकरी औषध फवारतो तेव्हा लाखो किडी मरतात, नांगर चालतो तेव्हा गांडुळे चिरडतात. तिथे माळ आड येत नाही, मग खारीलाच का यावी? दुसरे, कमी ताकदीच्या हवाई बंदुकीला परवानाही लागत नाही. सरकारची हरकत नाही, तर बुवांची का? तिसरे, आणि हे मला सर्वांत जास्त लागले, की कीर्तनकाराला भूतदया सांगायला काय जाते? बिदागी घेऊन तो पुढच्या गावी जातो. फळे ज्याची गेली त्याची गेली.

पहिल्याचे उत्तर असे. शेतीत हिंसा घडते, हे कोणत्या संताने नाकारले? आपले बहुतेक संत हाताने काम करणारे होते. हिंसा घडणे आणि हिंसा करणे यांत मात्र अंतर आहे. नांगर धरणाऱ्याचा डोळा तासावर असतो, गांडुळावर नसतो. बंदूक धरणाऱ्याचा डोळा त्या जिवावरच असतो. नेम लागला की त्याला आनंद होतो, आणि तो आनंद दुसऱ्याला दाखवावासा वाटतो. ज्या कामाच्या शेवटी "शाब्बास" येते ते काम नाइलाजाचे नसते. "खात तर नाही ना" हे समर्थन तर मला उलटेच वाटते. जो खाण्यासाठी मारतो त्याला निदान भूक आहे. तुम्ही मारता आणि उकिरड्यावर टाकता.

दुसऱ्याचे उत्तर थोडक्यात देतो. परवाना लागत नाही म्हणून पाप लागत नाही, असे कोणत्या शास्त्रात आहे? आणि कायदा सगळीकडे गप्प आहे असेही नाही. खारीचे थोरले भावंड शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शेकरू मारणाऱ्याला सोडत नाही. भीमाशंकरचे अभयारण्य त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि ज्या चंद्रभागेत आपण स्नान करतो ती भीमा तिथेच उगम पावते. उगमाशी ज्याला अभय आहे, त्याच्याच धाकट्या भावंडाला पुढे नदीकाठच्या मळ्यात माळकऱ्याने छरा मारावा, हे कोणत्या भक्तीत बसते?

आणखी एक गोष्ट सांगतो. अरुणाचल प्रदेशात शिकार ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. तिथे २०२१ साली लोकांनी आपल्या हवाई बंदुका आपखुशीने सरकारकडे जमा कराव्यात अशी मोहीम निघाली आणि हजाराच्या वर बंदुका जमा झाल्या. ज्यांच्या घरी शिकार परंपरेने आली त्यांनी बंदूक खाली ठेवली. आपल्या घरी परंपरेने माळ आली, आणि आपण बंदूक विकत आणतो!

कोणी म्हणेल, बुवा आता खारीच्या पाठीवरची रामाची बोटे सांगणार. नाही सांगणार. सेतू बांधताना खारीने वाळू वाहिली ही कथा गोड आहे, पण वाल्मीकींच्या रामायणात ती नाही, लोकांनी प्रेमाने जोडलेली आहे. माझी मदार तिच्यावर नाही. खारीच्या पाठीवर एकही पट्टा नसता तरी माझे म्हणणे हेच असते.

आता तिसरे. इथे मला माझीच चूक कबूल केली पाहिजे.

तुकोबांचे चरित्र आपण सगळे जाणतो. शेत राखायला माळ्यावर बसले, पाखरे कणसांवर आली, तुकोबांनी उडवली नाहीत. मालक चिडला, नुकसान तुकोबांच्या माथी आले, आणि शेवटी रास मोजली तर धान्य जास्तच भरले. चाळीस वर्षे मी हे चरित्र कीर्तनात सांगितले. रास वाढली म्हटले की टाळकरी विठ्ठलनामाचा गजर करायचे आणि मी खूश व्हायचो. पण समोर बसलेल्या दोन एकरवाल्याला मी काय शिकवत होतो? पाखरांना खाऊ दे, देव भरून देईल. तो घरी जायचा, आणि त्याची रास काही वाढायची नाही. मग त्याने मनात ठरवले की हे सगळे कीर्तनापुरते खरे. त्याच्या हातात बंदूक गेली, तिला थोडा मीही कारण आहे.

त्या कथेचा बोध रास वाढण्यात नाही, हे मला म्हातारपणी कळले. रास वाढण्याआधी नुकसान तुकोबांवर आले होते आणि ते त्यांनी सोसायची तयारी ठेवली होती. दया फुकट होत नाही. तिची किंमत कोणीतरी भरावी लागते आणि ती दुसऱ्याला भरायला लावू नये, हा तो बोध. म्हणून जो कीर्तनकार भूतदया सांगतो त्याने त्या शेतकऱ्याच्या बांधावरही गेले पाहिजे.

आपल्या आजी-आजोबांना राखण माहीत होती. शेतात माळा बांधत, गोफण फिरवत, डबे बडवत, बुजगावणे उभे करत. पोरे दिवसभर हाळ्या देत. पाखरू उडून जायचे, दुसऱ्या दिवशी परत यायचे, पुन्हा हाकलायचे. यात कष्ट होते, पण राखणे या शब्दात पीकही राखले जायचे आणि जीवही. बंदूक आली ती राखणीचा कंटाळा आला म्हणून. आणि तिने राखण होतही नाही. एक खार मेली की तिची जागा शेजारच्या झाडावरची दुसरी घेते. खारीला वर्षातून एकाहून अधिक वेळा पिले होतात. तुम्ही मारत राहाल, त्या येत राहतील. हाती उरेल फक्त नातवाचा नेम.

माझ्या परसात दोन चिकू, तीन पेरू आणि एक नारळ आहे. काय केले ते सांगतो. नारळाच्या बुंध्याला चार-पाच फूट उंचीवर दीड-दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळला. खारीचे पाय त्यावर ठरत नाहीत. पण झावळी भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकली तर पत्रा व्यर्थ, म्हणून तेवढी छाटली. पेरू आवळ्याएवढे झाले की एकेकाला जुन्या धोतराची पिशवी बांधली. चिकू झाडावर पिकू देत नाही. तयार झाला की उतरवतो आणि अढीत घालतो. पेरलेल्या भुईमुगावर उगवून येईपर्यंत जाळी टाकतो आणि त्या आठ-दहा दिवसांत सकाळ-संध्याकाळ स्वतः बसतो. हातात हरिपाठ असतो, वेळ वाया जात नाही. इतके करूनही काही फळे जातात. ती गेली.

सावता महाराजांनी अरणला मळा पिकवला आणि त्या मळ्यातच त्यांना विठोबा भेटला. त्यांच्या मळ्यात खारी-पाखरे नसतील असे कोण म्हणेल? मळ्याच्या मालकाने सगळे फळ आपलेच समजावे, ही समजूत त्यांच्याजवळ नव्हती, एवढेच.

ज्याचे पोट त्या दोन ओळी भुईमुगावर आहे, त्याला नुसते प्रवचन देऊ नका. दिंडीने मिळून त्याला जाळी घेऊन द्या, राखणीला पाळीने माणसे द्या. अन्नदानावर आपण केवढा खर्च करतो. त्यातला थोडा इकडे वळवला तर पांडुरंग रागावणार नाही.

राहिला त्या गृहस्थांचा प्रश्न. बाबा, माळ उतरवू नका, बंदूक उतरवा. माळ उतरवून प्रश्न सुटत असता तर तुम्ही मला विचारायला आलाच नसता. त्या नातवाला विहिरीशी न्या, ती फट दाखवा आणि सांगा की "शाब्बास" म्हणालो ती माझी चूक होती. मोठ्या माणसाने एवढे म्हटले तर पोर जन्मभर विसरणार नाही.

येत्या एकादशीचे पारणे सोडून मी तुमच्याकडे येतो आहे. पत्रा आणि तार माझ्याकडे आहे, पिशव्या घरच्यांनी शिवून ठेवल्या आहेत. शिडी तेवढी तुमची काढून ठेवा.

रामकृष्णहरी.