एक रुपया म्हणजे एक डॉलर? असं कधी होतं का?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. देशावर एक पैशाचं कर्ज नव्हतं. आणि आज बघा!’ आजोबा तो पुढे पाठवतात, नातवंडं वाद घालतात. हा वाद मिटवायला अर्थशास्त्र लागत नाही. शाळेतला भागाकार पुरतो.

हिशेब पौंडातून

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा रुपयाची गाठ डॉलरशी नव्हती, ब्रिटिश पौंडाशी होती. एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स, हा दर १९२०च्या दशकातच ठरला होता. तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली अख्खं पुस्तक लिहिणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चलन आयोगासमोर साक्षही दिली होती.

आता आकडेमोड. एका पौंडाचे २४० पेन्स. २४० ला १८ ने भागलं की येतात १३.३३ रुपये, म्हणजे त्या काळच्या भाषेत १३ रुपये ५ आणे ४ पै. हा झाला एका पौंडाचा भाव. एका पौंडाला तेव्हा ४.०३ डॉलर मिळत. १३.३३ ला ४.०३ ने भागा. उत्तर ३.३१. म्हणजे १९४७ साली एक डॉलर साधारण ३ रुपये ५ आण्यांना पडत होता. एक रुपयाला नाही.

कर्जाचं काय? उलट महायुद्धातल्या खर्चापोटी ब्रिटनच भारताचं १०० कोटी पौंडांहून अधिक देणं लागत होता. तरी डॉलर सव्वातीन रुपयांच्या वरच होता. कारण भाव कर्ज बघून ठरत नव्हता, सरकारने तो बांधून दिला होता.

तीन मोठे धक्के

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचा भाव ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला. पाठोपाठ भारतानेही रुपया तेवढाच खाली आणला. डॉलर झाला ४.७६ रुपये. पुढची जवळपास सतरा वर्षं हाच दर राहिला.

मग आला ६ जून १९६६. दोन युद्धं होऊन गेली होती, दुष्काळ पडला होता, धान्य परदेशातून आणावं लागत होतं आणि परकी चलनाची तिजोरी आटली होती. सरकारने डॉलरचा भाव ४.७६ वरून थेट ७.५० रुपये केला. या घटनेचे दोन आकडे वाचायला मिळतात : कुणी लिहितं ३६.५ टक्के, कुणी ५७.५ टक्के. दोन्ही बरोबर आहेत. रुपयाची किंमत ३६.५ टक्क्यांनी घटली, म्हणून डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला. बाहेरून गहू किंवा यंत्र आणणाऱ्याच्या खिशाला झळ बसली ती दुसऱ्या आकड्याची.

तिसरा धक्का १९९१ चा. जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकी चलन उरलं होतं. देशाचं सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. १ आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपया खाली आणला गेला आणि २१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २६ च्या घरात गेला. मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोडला, तेव्हा डॉलर होता सुमारे ३१ रुपये. तेव्हापासून तो रोज हलतो. चढउतार फार वाढले तर रिझर्व्ह बँक मध्ये पडते.

आकडा मोठा म्हणजे देश गरीब?

असंही नाही. १९४९ ते १९७१ जपानमध्ये एका डॉलरला तब्बल ३६० येन मोजावे लागत. त्याच काळात जपान जगातल्या बड्या अर्थव्यवस्थांमध्ये जाऊन बसला. म्हणून नुसता दर पाहून अभिमान किंवा लाज वाटून घेण्यात अर्थ नाही. दर किती वेगाने बदलतो आणि त्या काळात आपली कमाई किती वाढते, हे पाहायचं.

आपल्या घरातला हिशेब

वेग काय करतो ते पाहा. २०११ च्या मध्यावर डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. ऑगस्ट २०१३ मध्ये तो ६८ ला टेकला. समजा, एखाद्या मुलीची परदेशातल्या कॉलेजची वर्षाची फी २०,००० डॉलर आहे. ४५ च्या दराने ती ९ लाख रुपये. ६८ च्या दराने १३ लाख ६० हजार. कॉलेजने फी एका डॉलरनेही वाढवली नाही, तरी घरावर साडेचार लाखांचा जादा बोजा.

त्याच वेळी दुसऱ्या घरात आनंद असतो. अमिरातीचा दिरहम डॉलरशी बांधलेला आहे : एका डॉलरला ३.६७ दिरहम. त्यामुळे डॉलर चढला की दिरहमही चढतो. दुबईहून दरमहा २,००० दिरहम रत्नागिरीला पाठवणाऱ्याच्या घरी २०११ मध्ये साडेचोवीस हजार पोहोचत असतील, तर त्या ऑगस्टमध्ये सदतीस हजार.

मुलांना बाहेर शिकायला पाठवायचा विचार असेल, तर एवढं करा. पहिल्या वर्षाची फी आजच्या दराने मांडा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मांडताना डॉलर दहा रुपयांनी महाग धरा. शैक्षणिक कर्ज रुपयांत मंजूर होत असेल, तर वाढलेल्या फरकासाठी रक्कम वाढवून मिळेल का, हे बँकेला सही करण्याआधीच विचारा. आणि हा कागद नवरा-बायकोने दोघांनीच पाहून ठेवू नका. जिच्या शिक्षणाचा हिशेब आहे, त्या मुलीलाही शेजारी बसवा.